सतरा डबे, एकच सीड: सप्ताह प्रक्षेपणाच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

काल त्रिपुरी पौर्णिमा होती. अकरा गावं, तिथलं भजन-कीर्तन इंटरनेटवर पाठवणारे आमचे सतरा डबे, सगळे एकाच वेळी चालू. संध्याकाळी पावणेसहाला लाइट गेली. मग फीडरप्रमाणे कुठे सव्वासहाला आली, कुठे सातला. सात वाजून दहा मिनिटांनी चाकणहून एका श्रोत्याचा फोन: "ताई, आमच्या गावचं भजन लावून बसलोय, पण मधेमधे दुसऱ्याच बुवांचा आवाज येतोय. आणि दोन्ही तुटक."

मी लावून ऐकलं. खरंच दोन ठिकाणचे टाळ एकमेकांत कालवले गेले होते. एका बाजूला अभंगाचा अर्धा शब्द, लगेच दुसरीकडचा पखवाज, मग पुन्हा पहिला. रिले बंद करून चालू केला, काही फरक नाही. शेवटी डबा ११ हाताने बंद करायला सांगितला, तेव्हा डबा ४ चा आवाज सरळ झाला. थोड्या वेळाने डबा ७ आणि डबा १५ यांचंही तेच असल्याचं कळलं. तिकडून तक्रार आली नव्हती, म्हणजे लोक तसंच ऐकत बसले होते. याचं जास्त वाईट वाटलं.

पुढे ही वही वाचणाऱ्यांसाठी: डबा म्हणजे विजेच्या फिटिंगच्या प्लॅस्टिक डब्यात बसवलेला छोटा लिनक्स बोर्ड, साउंड कार्ड आणि फोरजीचा डोंगल. मंडपातल्या मिक्सरमधून आवाज घेतो, ओपस या आवाजाच्या फॉरमॅटमध्ये दाबतो आणि आरटीपीने (इंटरनेटवर आवाज पॅकेटांतून पाठवायच्या पद्धतीने) पुण्यातल्या आमच्या रिलेकडे पाठवतो. रिले तो श्रोत्यांना वाटतो आणि रेकॉर्डही करतो. गाव सोडून पुण्या-मुंबईत, बडोद्यात, आखातात गेलेली माणसं ऐकतात.

रिलेच्या लॉगमध्ये कारण उघड होतं. डबा ४ आणि डबा ११, दोघांच्या पॅकेटांवर एकच एसएसआरसी. ७ आणि १५ चंही तसंच.

७ नोव्हेंबर

एसएसआरसी म्हणजे प्रत्येक आरटीपी पॅकेटवर असलेला ३२ बिटांचा आकडा: हा आवाज कोणाचा, हे सांगणारा. आकडे वाटून देणारं कोणी मध्यवर्ती नसतं. प्रत्येक पाठवणाऱ्याने स्वतःच यादृच्छिक आकडा उचलायचा आणि तो दुसऱ्या कोणाचा नसेल असं धरून चालायचं. हे धरून चालणं किती सुरक्षित आहे याचा हिशोब आरएफसी ३५५० मध्ये, म्हणजे २००३ सालच्या आरटीपीच्या मानकातच, करून दिलेला आहे. हजार जणांनी एकाच वेळी नीट यादृच्छिक आकडे उचलले तरी कुठलेही दोन सारखे निघण्याची शक्यता दहा हजारांत एक. आमचे डबे सतरा. सतरांना तर ती तीन कोटींत एकाच्याही खाली जाते. आणि आमच्याकडे एका संध्याकाळी दोन जोड्या.

म्हणजे आकडे यादृच्छिक नव्हतेच.

सतराही आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत, अंक ० ते एफ) लिहून भिंतीवर लावले. पहिली गोष्ट दिसली ती अशी, की एकाचाही पहिला अंक ७ च्या पुढे नव्हता. सतरा वेळा नाणं उडवून सतराही वेळा छापा यावा तसं. कारण सोपं होतं: आमचा पाठवणारा प्रोग्रॅम सी मध्ये आहे आणि तो आकडा रँड फंक्शनकडून घेतो. ग्लिबसीचं, म्हणजे लिनक्सवरच्या सी लायब्ररीचं, रँड शून्यापासून २१४७४८३६४७ पर्यंतच जातं, म्हणजे ३१ बिट. सगळ्यात वरचा बिट कायम शून्य. निम्मं आवार तिथेच गेलं.

पण निम्मं गेल्याने जोड्या पडत नाहीत. खरा घोटाळा सीडमध्ये असणार, म्हणजे रँड ज्या आकड्यापासून सुरुवात करतं त्यात: सीड सारखं, तर पुढचे सगळे आकडे सारखे. आमच्या प्रोग्रॅमची ती ओळ तीन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती: सेकंदांतली सध्याची वेळ आणि प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमला लिनक्सने दिलेला क्रमांक) यांचा एक्सऑर करून, म्हणजे बिटाला बिट मिसळून, तो एसरँड या सीड लावणाऱ्या फंक्शनला द्यायचा. ही ओळ इतक्या ठिकाणी पाहिलेली असते, की लिहिताना हात थांबत नाही.

८ नोव्हेंबर

आज दिवसभर एकाच प्रश्नावर. डबा ४ ची लाइट सव्वासहाला आली, डबा ११ ची सातला. पाऊण तासाचं अंतर. वेळ सीडमध्ये होती, तर सीड सारखं आलं कसं?

उत्तर डब्यांच्या लॉगमध्ये मिळालं. डबा ४ चा प्रोग्रॅम सुरू झाल्याची नोंद १७:१७:२६. डबा ११ ची १७:१७:२४. दोघांनाही वाटत होतं की आता सव्वापाच वाजून गेलेत.

आमच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट गेली की वेळ गेली. १ जानेवारी १९७० पासून सुरुवात होऊ नये म्हणून इमेजमध्ये फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं पॅकेज आहे. ते अधूनमधून वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि बोर्ड उठला की तीच वेळ घड्याळाला देतं. लिहिण्याचं काम दर तासाच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) आहे, आणि डेबियनमध्ये, म्हणजे आमच्या लिनक्समध्ये, दर तासाचं क्रॉन सतराव्या मिनिटाला चालतं. तेव्हा ५:१७ ते ६:१७ च्या दरम्यान लाइट गेलेला प्रत्येक डबा, तो पुढे कधीही उठो, ५:१७ लाच उठतो. खरी वेळ इंटरनेटवरून येते, पण फोरजीच्या डोंगलला रेंज धरायला चाळीस-पन्नास सेकंद लागतात आणि आमचा प्रोग्रॅम त्याच्या आधीच आकडा उचलून मोकळा झालेला असतो.

राहिला प्रोसेस आयडी. सगळ्या डब्यांत एकाच एसडी कार्डाची नक्कल, एकच सॉफ्टवेअर, एकाच क्रमाने सुरू होणाऱ्या सेवा. आयडी ५९० ते ६२० च्या मधेच फिरतात. सुरू होण्याच्या वेळेत आठ-दहा सेकंदांचा फरक. दोन्हींचा एक्सऑर केला की हातात उरतात साधारण साठ-सत्तर वेगवेगळी सीड. ३२ बिटांचा आकडा, चार अब्जांहून जास्त जागा, आणि आमचे डबे त्यातल्या साठ-सत्तर जागांवर दाटीवाटीने उभे. सतरा जणांना चौसष्ट खुर्च्या डोळे मिटून निवडायला सांगितल्या तर दहांत नऊ वेळा कोणीतरी कोणाच्या मांडीवर बसतं. हिशोबाने सरासरी दोन जोड्या पडायला हव्यात. पौर्णिमेला नेमक्या दोनच पडल्या.

गावच्या साउंडवाल्या काकांना फोनवर हे सांगितलं. ते शेतीही करतात. म्हणाले, "म्हणजे शेतं सतरा, पण बियाणं सगळ्यांनी एकाच पिशवीतलं पेरलं म्हणा की." अगदी तेच.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एक वाईट गोष्ट कळली. पौर्णिमेच्या रात्री मी रिले बंद करून चालू केला, त्याबरोबर रेकॉर्डरही पुन्हा सुरू झाला. डबा २ चं सहा ते सातच्या दरम्यानचं रेकॉर्डिंग नाहीसं झालंय. डबा २ च्या देवळात इन्व्हर्टर आहे, राउटरही त्याच्यावरच, त्यामुळे तिथला आवाज लाइट गेल्यावरही येत राहिला होता. एका ऐंशी पार केलेल्या आजोबांनी गायलेल्या गवळणी त्यात होत्या. त्यांच्या नातीने कालच विचारलं होतं, फाइल कधी मिळेल म्हणून.

रेकॉर्डर हा वेगळा प्रोग्रॅम. तो फाइलचं नाव रँडने बनवतो, आणि त्यात एसरँड कुठेच नाही. सी भाषेचा नियम आहे की सीड दिलंच नाही तर ते १ धरायचं. म्हणून ग्लिबसीवर असा कुठलाही प्रोग्रॅम सुरू केला की पहिला आकडा ठरलेला: १८०४२८९३८३. दुसराही ठरलेला: ८४६९३०८८६. रेकॉर्डर पुन्हा उठला, पहिल्या फाइलला पुन्हा १८०४२८९३८३ हेच नाव दिलं आणि आधीच्या फाइलवर लिहीत गेला.

नातीला फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. आजोबा दत्तजयंतीला पुन्हा गातील म्हणाली. रेकॉर्डर आता असलेली फाइल कधीच उघडून पुसणार नाही, नाव आधीपासून असेल तर थांबून चूक कळवेल. हा बदल आजच केला, बाकी काही होवो न होवो.

१८०४२८९३८३ हा आकडा कुठल्याही लॉगमध्ये, फाइलच्या नावात किंवा एसएसआरसीत दिसला तर तिथेच थांबायचं. सीड द्यायचं राहिलंय, एवढाच त्याचा अर्थ.

११ नोव्हेंबर

सहकाऱ्याचं म्हणणं: मानकातच पाककृती दिलेली आहे, तीच वापरू. बरोबर आहे. आरएफसी ३५५० च्या परिशिष्टात ३२ बिटांचा आकडा बनवायचं नमुन्याचं फंक्शन आहे. वेळ, प्रोसेसरने खाल्लेला वेळ, प्रोसेस आयडी, होस्ट आयडी, यूजर आणि ग्रुप आयडी, यंत्राचं नाव, असं सगळं एकत्र करून त्याचा एमडी५ हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा, काढायचा. मानकात बजावलंही आहे की नुसता आयपी पत्ता ओळख म्हणून पुरत नाही, आणि सुरुवातीची स्थिती काळजीपूर्वक न ठरवता नुसतं रँडम बोलावणंही पुरत नाही.

ते बनवून पाच डब्यांवर चालवलं आणि हॅश करण्याआधी आत काय काय जातंय ते छापून पाहिलं. यंत्राचं नाव पाचही ठिकाणी सारखं, कारण नक्कल. यूजर-ग्रुप सारखे. होस्ट आयडी वेगळा असेल असं वाटलं होतं, तोही सगळीकडे ००७एफ०१०१. हा आकडा काही हार्डवेअरमधून येत नाही. वेगळी फाइल नसेल तर ग्लिबसी तो यंत्राच्या नावाला लागलेल्या आयपी पत्त्यावरून काढतं, आणि डेबियनच्या होस्ट्स फाइलमध्ये तो पत्ता १२७.०.१.१ असतो. तोच अंकांची अदलाबदल होऊन समोर येतो.

पाककृती चुकीची नाही. ती लिहिली गेली तेव्हा एक यंत्र म्हणजे एका माणसाने हाताने बसवलेलं, स्वतःचं नाव असलेलं यंत्र होतं. नकललेल्या सतरा डब्यांत त्या लांब यादीतलं खरं वेगळं असं एकच उरतं: वेळेतले मायक्रोसेकंद. त्यांनी काम भागलंही असतं कदाचित. पण सगळा भार त्या एका खिळ्यावर आहे हे कळल्यावर मला तो चालेना.

मॅक पत्ता (नेटवर्कच्या हार्डवेअरचा क्रमांक) घालायचाही विचार झाला. तो प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो, म्हणून टक्कर टळेल. पण तो कोणालाही ओळखता येतो, आणि त्याचं काय बिघडतं हे पुढे लिहिते.

१३ नोव्हेंबर

थोडं वाचन. ही चूक किती जुनी आहे ते बघून ठेवावं म्हणून.

१९९५ मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी नेटस्केप ब्राउझरची गुप्त चावी ओळखून दाखवली. चावी भक्कम होती, पण तिचं सीड वेळ, प्रोसेस आयडी आणि पालक प्रोसेसचा आयडी यांतून आलेलं होतं. आमच्या ओळीशी किती जुळतं! २००८ च्या मे महिन्यात डेबियनच्या ओपनएसएसएल या गुप्त चाव्या बनवणाऱ्या लायब्ररीतला दोष जाहीर झाला. २००६ मधल्या एका बदलाने सीडमध्ये प्रोसेस आयडीशिवाय काही उरलंच नव्हतं, त्यामुळे एका जातीच्या यंत्रावर, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या ३२,७६८ च चाव्या शक्य होत्या. आणि २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या चाव्या गोळा करून तपासल्या, तेव्हा राउटर, फायरवॉल अशी लहान उपकरणं मोठ्या संख्येने एकसारख्या किंवा एकमेकींवरून फोडता येणाऱ्या चाव्या घेऊन बसलेली आढळली. कारण, पहिल्यांदा सुरू होताना, कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, अजून काहीच अनिश्चितता जमलेली नसताना बनवलेल्या चाव्या. आमचा डबा त्याच कुळातला.

१५ नोव्हेंबर

आज जे करून पाहिलं त्याने झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहिते.

आतापर्यंत मी एसएसआरसीच्या टकरीचाच विचार करत होते. टक्कर झाली तर आवाज बिघडतो, नव्याने आकडा उचलला की सुधारतो. पण आमचा रिले त्याच रँडमधून आणखी एक गोष्ट काढतो: आरटीएसपीचा (प्रक्षेपण चालू-बंद करायच्या आज्ञांच्या भाषेचा) सेशन आयडी. डबा रिलेशी आरटीएसपीने बोलतो, रिले त्याला सेशन आयडी देतो, आणि पुढची प्रत्येक आज्ञा तो आयडी दाखवून द्यायची. प्रक्षेपण बंद करण्याची टेअरडाउन ही आज्ञासुद्धा. आरएफसी २३२६ मध्ये, १९९८ सालीच, लिहून ठेवलंय की हा आयडी यादृच्छिक हवा आणि किमान आठ ऑक्टेटचा (बाइटचा) हवा, म्हणजे कोणाला ओळखता येणार नाही. आमचा सोळा अक्षरांचा आहे. बघायला भक्कम. लांबीची अट आम्ही दुप्पट पाळली होती.

रिलेत एसरँडला सीड मिळतं ते प्रोग्रॅम सुरू झाल्याच्या सेकंदाचं. रँडमधून पहिला निघतो रिलेचा स्वतःचा एसएसआरसी, आणि तो त्याच्या प्रत्येक आरटीसीपी अहवालात (आरटीपीसोबत जाणाऱ्या स्थितीच्या अहवालात) उघडपणे जातो. त्याच्यामागून एकेक सेशन आयडी. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: रिलेचा एसएसआरसी घ्यायचा, गेल्या चोवीस तासांतला प्रत्येक सेकंद सीड म्हणून लावून बघायचा, जुळला की पुढचे आकडे छापायचे. ८६,४०० सेकंद म्हणजे ८६,४०० सीड. एंटर दाबून बोट उचलेपर्यंत सतराही डब्यांचे सेशन आयडी पडद्यावर होते. मी चाचणीच्या रिलेवर, दुसऱ्या यंत्रावरून, डबा ९ चं प्रक्षेपण बंद करून पाहिलं. झालं.

म्हणजे दोन वेगळ्या गरजा आहेत आणि आम्ही दोन्हींसाठी एकच नळ लावला होता. एसएसआरसीला मुख्यतः वेगळेपण हवं, तो तर पॅकेटावर उघडा छापलेलाच असतो. सेशन आयडीला अनोळखीपण हवं. मॅक पत्त्याने पहिली गरज भागते, दुसरी अजिबात नाही. आणि उघडा आकडा ज्या नळातून आला, त्याच नळातून गुपित काढलं तर ते गुपित राहत नाही. आकडा किती लांब आहे याला मग अर्थ नाही. सीडमध्ये परक्याला माहीत नसलेलं किती आहे, तेवढीच त्याची खरी लांबी.

१७ नोव्हेंबर

निर्णय: आमच्या प्रोग्रॅमने सीड निवडायचंच नाही.

एका डब्याला सुरू होताना लागतं किती? एसएसआरसीला चार बाइट, पहिल्या सिक्वेन्स नंबरला दोन, पहिल्या टाइमस्टॅम्पला चार. रिलेला एका सेशन आयडीमागे सोळा. एवढ्यासाठी स्वतःचं यंत्र ठेवून त्याला बी पुरवत बसायची गरजच काय? लिनक्सच्या ३.१७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, गेटरँडम ही सिस्टीम कॉल आहे. हवे तेवढे बाइट सरळ कर्नलकडून घ्यायचे. त्याचं मोठेपण असं की कर्नलचा यादृच्छिकतेचा साठा एकदा नीट तयार होईपर्यंत ती थांबवून ठेवते, अर्धंकच्चं काही हातात देत नाही.

हे थांबवणं हीच सहकाऱ्याची शंका होती: लाइट आल्यावर डबा अडकून राहिला तर? मोजून पाहिलं. आमच्या बोर्डावर हार्डवेअरचा यादृच्छिक स्रोत आहे, शिवाय ५.४ पासून कर्नल अडलाच तर वेळेच्या सूक्ष्म चढउतारांतून स्वतः साठा तयार करतो. साठा तयार झाल्याचा संदेश प्रोग्रॅम सुरू व्हायच्या कितीतरी आधी लॉगमध्ये येतो. अडकणं नाहीच.

एफएफएमपेग या आवाज-चित्राच्या प्रोग्रॅमचा आरटीपीचा कोड वाचला, तिथून एक चांगली गोष्ट उचलली. पहिला सिक्वेन्स नंबर ते यादृच्छिक घेतात, पण फक्त खालचे १२ बिट, म्हणजे ० ते ४०९५ मधला. कारण शेजारीच लिहिलंय: सुरुवातीलाच आकडा उलटू नये, एसआरटीपीला (कुलूपबंद आरटीपीला) ते जड जातं. सिक्वेन्स नंबर १६ बिटांचा, ६५५३५ नंतर पुन्हा शून्य. किती वेळा उलटला हे पॅकेटात लिहिलेलं नसतं, दोन्ही टोकं आपापलं मोजतात. समजा सुरुवात ६५५३० ला झाली आणि फोरजीवर पहिलीच सहा पॅकेटं हरवली. पाठवणाऱ्याच्या लेखी एकदा उलटला, घेणाऱ्याच्या लेखी एकदाही नाही, आणि मग एकही पॅकेट खरं ठरत नाही. आमची पॅकेटं २० मिलिसेकंदांची, सेकंदाला पन्नास. ४०९५ च्या खालून सुरुवात केली तर उलटायला किमान वीस मिनिटं मिळतात. इथे थोडी यादृच्छिकता जाणूनबुजून सोडणं शहाणपणाचं आहे.

एसआरटीपीवरून आणखी एक. दत्तजयंतीच्या सप्ताहापासून ते चालू करायचं ठरलं होतं, आणि चावी एकच, इमेजमध्येच घातलेली. कीर्तन जाहीर असतं, पण त्याच डब्यावरून संयोजकांची आपसातली बोलणीही जातात, म्हणून हवं होतं. आरएफसी ३७११ प्रमाणे एसआरटीपीचा गुप्त प्रवाह चावी, एसएसआरसी आणि पॅकेटाचा क्रम यांतून बनतो. चावी तीच, एसएसआरसी तोच, आणि आमच्या जुन्या कोडमध्ये सिक्वेन्स नंबरही त्याच सीडमधून, म्हणजे तोच. दोन डब्यांचा गुप्त प्रवाह अगदी सारखा झाला असता. दोन पॅकेटं एकमेकांवर एक्सऑर केली की कुलूप आपोआप गळून पडतं. हे चालू करण्याआधी कळलं याबद्दल मी त्रिपुरी पौर्णिमेच्या त्या लाइटची ऋणी आहे.

या सप्ताहासाठी: प्रत्येक डब्याला वेगळी चावी, रोज पहाटे काकड्याआधी बदलायची. चावी दर जोडणीला नव्याने ठरवणारं डीटीएलएस जानेवारीत. घाईत नको.

२० नोव्हेंबर

इमेजची साफसफाई. नक्कल करण्याआधी मूळ कार्डावरून काय काढायचं:

सिस्टमडीने पुढच्या सुरुवातीसाठी जपून ठेवलेली रँडम-सीड फाइल. ती सतराही कार्डांवर एकच होती. मशीन-आयडी फाइल रिकामी करायची, म्हणजे डबा पहिल्यांदा उठताना स्वतःचा आयडी बनवतो. आणि एसएसएचच्या होस्ट चाव्या, ज्या तीन वर्षं सगळ्या डब्यांत सारख्या होत्या. एका डब्याचं कार्ड कोणाच्या हाती लागलं असतं तर त्याला सतराही डब्यांचं सोंग घेता आलं असतं.

चाचण्यांचंही ठरवलं. चाचणीत तेच ते आकडे यावे लागतात, नाहीतर कालचं आणि आजचं ताडून बघता येत नाही. आतापर्यंत एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने सीड देता यायचं. ते काढून टाकलं. आता ठरावीक आकडे देणारा भाग चाचणीच्या बिल्डमध्येच असतो, डब्यावर जाणाऱ्या बिल्डमध्ये तो कोडच नाही. पॅकेट हरवल्याचं नाटक करणारी चाचणी मात्र जुन्या रँडवरच आहे आणि राहील. तिथे सीड ठरलेलं असणं हाच फायदा.

२३ नोव्हेंबर, रविवार

सतराही डबे घरी आणले. हॉलमध्ये एका मोठ्या बोर्डावर लावले आणि मेन स्विच हाताशी घेऊन बसलो. आधी जुनी कार्डं. खटका पाडायचा, दहापर्यंत मोजायचं, पुन्हा चढवायचा. वीस फेऱ्या, त्यांतल्या अठरांत किमान एक जोडी. एका फेरीत तर तिघं सारखे. मग नवीन कार्डं, चाळीस फेऱ्या, सहाशे ऐंशी आकडे, एकही जोडी नाही. पहिल्या अंकात ० ते एफ सगळे.

चाळीस फेऱ्यांनी काही सिद्ध होत नाही, हे मान्य. यादृच्छिकता नुसते आकडे बघून सिद्ध होत नाही, ती कुठून आली ते बघावं लागतं. पण जुना दोष याच रीतीने वीसांत अठरा वेळा पकडला गेला, म्हणजे चाचणी जागेवर आहे. पुढे प्रत्येक नवीन इमेज या खटक्यातून गेल्याशिवाय गावात जाणार नाही. एक-एक डबा वेगळा तपासून हे कधीच दिसलं नसतं. एकटा डबा नेहमीच बरोबर असतो.

२६ नोव्हेंबर

रिलेतले बदल. सीड सुधारलं तरी टक्कर होऊच शकत नाही असं गृहीत धरायचं नाही. मानकही तसं धरत नाही. स्वतःचा एसएसआरसी दुसऱ्याकडे दिसला तर बाय पाठवून नवा आकडा घ्यायचा, असं त्यात आहे. पण आमच्या रचनेत डब्याला दुसऱ्या डब्याची पॅकेटं दिसतच नाहीत, त्याला टक्कर कळणार कशी? ती जबाबदारी रिलेचीच. आता रिले प्रवाह ओळखतो तो पत्ता, पोर्ट आणि एसएसआरसी तिन्ही मिळून. मोबाइल कंपनीच्या नॅटमागे (अनेकांना एकच पत्ता देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन डब्यांचा पत्ता एकच दिसू शकतो, म्हणून पोर्ट हवाच. सारखा एसएसआरसी दुसरीकडून आला तर पहिला प्रवाह तसाच चालू ठेवतो आणि दुसऱ्याला नवा आकडा घ्यायला सांगतो.

सीनेम, म्हणजे आरटीपीत पाठवणाऱ्याचं कायमचं नाव, सगळ्या डब्यांचं यूजर आणि यंत्राच्या नावाचं, म्हणजे एकच होतं. एसएसआरसी बदलल्यावर माणूस तोच हे ज्याने ओळखायचं, तेच सारखं. आता आरएफसी ७०२२ प्रमाणे ९६ यादृच्छिक बिट, बेस६४ मध्ये सोळा अक्षरं. डब्याचा क्रमांक वेगळ्या नोंदीत.

४ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती

सप्ताह २८ तारखेला बसला. आठवड्यात तीनदा लाइट गेली, तिन्ही वेळा लॉग पाहिला, सतरा वेगळे आकडे. आज दुपारी पुन्हा गेली. जन्मोत्सवाच्या तासभर आधी आली, आणि लाइट गेलेले सगळे डबे नेहमीप्रमाणे दुपारच्या सतराव्या मिनिटाला उठले. घड्याळ अजून तसंच चुकतं. आता त्याने काही बिघडत नाही.

आजोबा गायले. पाळण्याच्या आधी दोन गवळणी, आवाज थोडा कापरा. रेकॉर्डिंग डबा २, तेवीस मिनिटं, तीन ठिकाणी प्रत ठेवली. नातीला दुवा पाठवला.

५ डिसेंबर

काल्याचं कीर्तन पार पडलं. डबे गावोगावहून परत यायला आठवडा जाईल. डबा १३ चं कार्ड जुनंच निघालं. २३ ला बदललं होतं, पण सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या मुलांनी कार्ड खराब झालं म्हणून कपाटातलं सुटं कार्ड घातलं, ते मागच्या वर्षीचं. त्याचा एसएसआरसी आठवडाभर ० ते ७ नेच सुरू होत होता, आणि मी रोज यादी बघूनही माझ्या लक्षात आलं नाही. सुटी कार्डं गोळा करायची आहेत. अकरा गावांना फोन: आज चार झाले.